पंख्याचा आवाज आणि घराची शांतता

म्हैसूरहून नैर्ऋत्येकडे, मानंदवाडीच्या रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर गेले, म्हणजे एच. डी. कोटे हे गाव लागते. त्याचे मूळ नाव हेग्गडदेवनकोटे. परंतु इतके लांब नाव रोजच्या व्यवहाराला पेलत नाही, म्हणून लोकांनी त्याची दोन अक्षरे आणि एक शब्द एवढेच शिल्लक ठेवले आहे. या तालुक्यातून कबिनी नदी वाहते. बिचनहळ्ळीजवळ तिच्यावर धरण आहे, ते १९७४ साली पुरे झाले. जलाशयाच्या दोन्ही अंगांना नागरहोळे आणि बंडीपूर ही अरण्ये पसरलेली आहेत. हत्ती, गवे आणि वाघ यांच्या दर्शनासाठी दूरदूरचे प्रवासी येथे येतात आणि त्यांत मराठी प्रवाशांची संख्या काही थोडी नसते. त्यांना आणखी एका गोष्टीचे दर्शन घडते, अथवा श्रवण घडते म्हणा. ती म्हणजे रात्रीची शांतता. रस्त्यावरची वाहने थांबली, दुकानांच्या फळ्या पडल्या, की रातकिड्यांच्या किरकिरीखेरीज तेथे ऐकावयास काही उरत नाही.

अशा गावात, बदलीच्या नोकरीमुळे येऊन राहिलेले एखादे मराठी कुटुंब कल्पावे. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी आजीची खाट, दुसऱ्या भिंतीशी नातीचे टेबल आणि त्यावर तिचा संगणक. नात अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. तिचे काम रात्री चालते. संगणकावर साधे लिखाण चालू असते तोवर काही बिघडत नाही. पण एखादे मोठे गणित त्याच्यावर सोपविले, की आतला पंखा घोंघावू लागतो, आणि अंधारातून प्रश्न येतो, "अगं, तुझं ते यंत्र झोपत नाही का कधी?" नात काय करते? ती कानांवर श्रवणयंत्र चढविते. तिच्यापुरता आवाज मिटतो. आजीचा मिटत नाही. शिवाय रात्री कधी आजीने पाण्यासाठी हाक मारली, तर तीही नातीला ऐकू येत नाही. यंत्राचा पंखा ही क्षुल्लक वस्तू खरी. पण ती कशी निवडावी हा प्रश्न तितका क्षुल्लक नाही, तो असा.

या पंख्याचे मूळ कारण उष्णता हे आहे. संगणकात वीज जाते आणि गणिताचे उत्तर बाहेर येते. परंतु त्या उत्तराबरोबर विजेचे वजन वाहून जात नाही. आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपानेच उरते. ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्धीस आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेला संगणक १९६० साली कामास लागला आणि १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, ते सिलिकनच्या नखाएवढ्या तुकड्यावर लाखोंनी आणि मग अब्जांनी मावू लागले. एकेक ट्रान्झिस्टर अत्यल्प वीज घेतो. पण सर्वांची मिळून बेरीज मोठी होते. १९९३ सालचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट वीज घेई. आजच्या घरगुती संगणकांतील बलवान प्रोसेसर पूर्ण भरात २०० वॅटच्याही पुढे जातात. खोली उजळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दोन-तीन दिव्यांची उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडली तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

पंखा ही उष्णता नष्ट करीत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. तो फक्त हमाल आहे. प्रोसेसरच्या पाठीवर थर्मल पेस्टचा पातळ लेप असतो. त्यावर तांब्याचा ठोकळा बसतो. ठोकळ्यातून तांब्याच्या बंद नळ्या वर जातात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चवडीतून आरपार निघतात. या नळ्यांत थोडेसे पाणी कमी दाबाखाली कोंडलेले असते. खालच्या गरम टोकाशी त्याची वाफ होते, वरच्या थंड टोकाशी वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीत तेल चढते त्याच रीतीने नळीच्या आतील सच्छिद्र थरातून ते खाली परतते. १९६३ साली अमेरिकेतील लॉस ॲलमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने ही युक्ती प्रत्यक्षात आणली. तिच्यामुळे उष्णता एका नखभर जागेतून मोठ्या पृष्ठभागावर पसरते. तेथून ती हवेच्या स्वाधीन करणे एवढेच पंख्याचे काम. ही साखळी जेथे तुटेल, म्हणजे लेप नीट बसला नसेल किंवा पत्र्यांत धूळ भरली असेल, तेथे पंखा कितीही ओरडला तरी उपयोग नाही.

मग हवा लागते तरी किती? येथे साधे अंकगणित करून पाहण्याजोगे आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. समजा, प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकीत आहे आणि पंखा तासाला ३० घनमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण १८ घनफूट हवा पत्र्यांतून ढकलीत आहे. तर ती हवा बाहेर पडताना सुमारे १० अंशांनी तापलेली असेल. हवा दुप्पट केली, तर हे १० अंश ५ होतील. चौपट केली, तर अडीच. म्हणजे पहिल्या दुपटीने ५ अंशांचा लाभ झाला, दुसऱ्या दुपटीने केवळ अडीच अंशांचा. वारा जोराचा झाला म्हणजे पत्र्यांकडून हवेकडे उष्णता थोडी अधिक सुलभतेने जाते, हे खरे. पण एकंदर कल हाच राहतो. लाभ प्रत्येक पायरीला घटत जातो.

आवाजाचा हिशेब मात्र नेमका उलटा चालतो. एकाच पंख्याचा वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो, त्याला लागणारी शक्ती आठपट होते, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. डेसिबल ही मोजणी साध्या बेरजेची नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. तेव्हा शेवटच्या दोन-तीन अंशांच्या लोभाने पंख्याला पूर्ण वेगाने पळविणे म्हणजे चार आण्यांच्या भाजीसाठी रुपयाची रिक्षा करण्यासारखे आहे. या एका व्यवहारात घरातल्या बहुतेक संगणकांच्या गोंगाटाचे रहस्य सापडते.

वेग कमी करावयाचा, तर तेवढी हवा कोठून आणावयाची? त्याचे उत्तर पंख्याच्या आकारात आहे. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, एक ८० मिलिमीटरचा आणि दुसरा १२० मिलिमीटरचा, आणि दोन्ही सारख्याच वेगाने फिरविले, तर मोठा पंखा लहानाच्या जवळजवळ साडेतीन पट हवा लोटतो. मिनिटाला २,४०० फेरे घेणारा लहान पंखा जेवढी हवा देतो, तेवढी मोठा पंखा ७०० फेऱ्यांच्या आसपास देऊ शकतो. आकार वाढल्याने आवाजात थोडी भर पडते, वेग उतरल्याने बरीच घट होते. वजाबाकी केली म्हणजे कागदावर सुमारे १४ डेसिबलची बचत दिसते. कानाला हा फरक निम्म्याहूनही अधिक जाणवतो. म्हणून प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या लहान पंख्याच्या जागी १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा आणि त्याला साजेशी रुंद पत्र्यांची चवड बसविणे, हा शांततेकडे जाणारा सर्वांत सरळ मार्ग होय. अट इतकीच, की विकत घेण्यापूर्वी कॅबिनेटची आतील रुंदी पट्टीने मोजावी. उंच चवडी १५० ते १६५ मिलिमीटरपर्यंत जातात, आणि त्या बसल्यावर कॅबिनेटचे झाकण लागले नाही, तर दुकानदार आणि ग्राहक या दोघांचीही शांतता भंगते.

येथे खोक्यावरील आकड्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण ग्राहक फसतो तो बहुधा याच ठिकाणी. खोक्यावर सर्वाधिक हवेचा आकडा असतो आणि सर्वाधिक दाबाचाही असतो. वाचणाऱ्याची समजूत होते, की हा पंखा एवढी हवा एवढ्या दाबाने देईल. वस्तुतः हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. सर्वाधिक हवा मिळते ती पंख्यापुढे कसलाही अडथळा नसताना, आणि तेव्हा दाब शून्य असतो. सर्वाधिक दाब निर्माण होतो तो वाट पूर्ण बंद केल्यावर, आणि तेव्हा हवा शून्य असते. प्रत्यक्षातला पंखा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी काम करतो. दाटीने बसविलेल्या पत्र्यांतून हवा ढकलावयाची असेल, तर दाबाच्या आकड्याकडे अधिक पाहावे. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या खिडकीतून हवा बाहेर टाकावयाची असेल, तर हवेच्या आकड्याकडे. खोक्यावरचा डेसिबलचा आकडाही असाच जपून वाचावा. तो सामान्यतः एकट्या, मोकळ्यावर फिरणाऱ्या पंख्याचा असतो, आणि निरनिराळे कारखानदार तो निरनिराळ्या पद्धतींनी मोजतात. एकाच कारखान्याच्या दोन पंख्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. दोन कारखान्यांच्या पंख्यांची तुलना त्यावरून केली, तर निर्णय चुकण्याचा संभव असतो.

आवाज किती, याइतकाच आवाज कसला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पिंपळाच्या पानांची सळसळ आणि डासाची गुणगुण यांत मोठा आवाज सळसळीचाच असतो. पण झोप मोडते ती डासाने. सळसळीत अनेक सूर मिसळलेले असतात, म्हणून कान कशालाच चिकटत नाही. गुणगुणीत एकच सूर असतो आणि कान त्याचा माग सोडीत नाही. पंख्याचेही असेच आहे. हवेचा सळसळता आवाज सोसतो. पण पाती जेव्हा जाळीच्या किंवा दांड्याच्या अगदी जवळून जातात, तेव्हा प्रत्येक पात्यागणिक एक धक्का बसतो आणि त्या धक्क्यांचा सूर होतो. ९ पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १८० धक्के होतात, आणि तेवढ्याच कंपनांचा सूर उमटतो. म्हणून पंखा आणि त्याच्यापुढील जाळी यांत थोडे अंतर असणे हिताचे.

दुसरा त्रासदायक आवाज बेअरिंगचा. साध्या बुशचा पंखा नवा असताना अतिशय शांत असतो आणि स्वस्तही मिळतो. परंतु उष्णतेने त्यातील वंगण सुकले, की तो घरघरू लागतो, आणि आडवा बसविल्यास लवकर झिजतो. बॉल बेअरिंगचा पंखा दीर्घायुषी असतो, पण त्याची बारीक खरखर पहिल्या दिवसापासून ऐकू येते. द्रवाच्या दाबावर आस तोलून धरणाऱ्या, म्हणजे फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगच्या पंख्यात शांतता आणि आयुष्य या दोहोंचा मेळ बसतो. किंमत थोडी अधिक पडते. पण पंखा वर्षानुवर्षे रात्रंदिवस फिरावयाचा आहे, हे लक्षात घेता ती वाया जात नाही. आणखी एक गोष्ट कॅबिनेटच्या पत्र्याची. सतारीची तार एकटी छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावरही जाणार नाही. भोपळा आणि तबली तो आवाज दिवाणखानाभर पोहोचवितात. पंख्याची कंपने पातळ पत्र्यात उतरली, की कॅबिनेट हा त्याचा भोपळा होतो, आणि ते पोकळ लाकडी टेबलावर ठेवले असेल तर टेबल हा दुसरा भोपळा. पंख्याच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे आणि कॅबिनेटखाली एखादी जाड सतरंजीची घडी एवढ्यानेही पुष्कळ काम होते. मात्र घडी खालची हवेची वाट अडविणार नाही, एवढे पाहावे.

पंख्याचा वेग कोण ठरवितो, हेही जाणून घ्यावे. चार तारांच्या पंख्यात एक तार वीज आणते, दुसरी परत नेते, तिसरी फेऱ्यांची बातमी मदरबोर्डला सांगते, आणि चौथी मदरबोर्डची आज्ञा पंख्याला पोहोचविते. ही आज्ञा म्हणजे सेकंदाला सुमारे २५,००० वेळा उघडझाप करणारा संकेत होय. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांच्या पलीकडे ऐकत नाही. संकेताची गती त्याहून वर ठेवण्याचे कारण हेच. तीन तारांच्या पंख्यात ही सोय नसते. तेथे विजेचा दाब कमीअधिक करून वेग बदलावा लागतो. घरासाठी चार तारांचा पंखा घेणे उत्तम. मग मदरबोर्डच्या मांडणीत शिरून कोणत्या तापमानाला किती वेग, हे स्वतः आखून द्यावे. आयती आखणी बहुधा भित्र्या स्वभावाची असते: एखादे पान उघडले, तापमान क्षणभर चढले, की पंखा घाबरून धावतो आणि दुसऱ्या क्षणी थांबतो. सतत असणाऱ्या मंद आवाजाची कानाला सवय होते. चढउताराची होत नाही. म्हणून ६०-६५ अंशांपर्यंत पंखा एकाच मंद गतीने फिरू द्यावा, पुढे चढ हळूहळू असावा, आणि वेग बदलण्यापूर्वी यंत्राने काही सेकंद थांबावे, अशी सोय असल्यास ती वापरावी. याने प्रोसेसर बिघडेल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या आसपास स्वतःच आपली गती आवरतात. रोजच्या कामात ७०-८० अंश ही त्यांना सोसणारी उष्णता आहे.

एच. डी. कोट्याच्या अरण्यात जेनू कुरुब नावाचे आदिवासी राहतात. कन्नडमध्ये जेनू म्हणजे मध. मध गोळा करणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या ओळखीची जी मधमाशी, तिने पंख्याचे शास्त्र माणसाच्या कितीतरी आधी हस्तगत केले आहे. झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहणाऱ्या मधमाश्या आपल्या अळ्यांच्या भागाचे तापमान ३४ ते ३५ अंशांच्या जवळ राखतात. उष्मा वाढला, की काही कामकरी माश्या पोळ्याच्या दाराशी ओळीने उभ्या राहून पंख हलवू लागतात. आपल्याकडची सातेरी माशी डोके बाहेर करून उभी राहते आणि ताजी हवा आत लोटते. युरोपीय माशी डोके आत करून उभी राहते आणि तापलेली हवा बाहेर फेकते. दोन्ही रीती चालतात. कारण प्रत्येक जातीत सगळ्या माश्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली युरोपीय माश्यांविषयी दाखविले, की दाराच्या ज्या भागातून गरम हवा येते तेथेच त्या जमतात आणि उरलेला भाग हवेला आत येण्यासाठी मोकळा सोडतात. कोणी हुकूम देत नाही. प्रत्येक माशी आपल्यापुरता उष्मा ओळखते आणि त्यातून येण्याची व जाण्याची वाट आपोआप वेगळी होते.

कॅबिनेटमध्ये पंखे बसविताना नेमका याच शहाणपणाचा विसर पडतो. एक पंखा हवा आत घेतो, त्याच्याच शेजारचा ती बाहेर फेकतो, आणि प्रोसेसरपर्यंत काही पोहोचत नाही. किंवा सगळेच पंखे हवा बाहेर फेकतात आणि धूळ फटीफटींतून आत शिरते. समोरून थंड हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर, आणि मधल्या प्रोसेसरच्या पंख्याचे तोंड त्याच प्रवाहाच्या दिशेला, अशी सरळ वाट असावी. पंख्याच्या ज्या अंगाला मोटर धरणारे दांडे दिसतात, त्या अंगाने हवा बाहेर पडते, ही खूण लक्षात ठेवली म्हणजे पुरे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवावी, म्हणजे धूळ समोरच्या गाळणीतच अडते. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र फिरले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तेव्हा एका धावणाऱ्या पंख्यापेक्षा रमतगमत फिरणारे दोन पंखे केव्हाही बरे.

सर्व ठिकाणी एकच पंखा योग्य ठरेल असेही नाही. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर हवेपेक्षा ४० अंशांनी गरम राहत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर राहील, आणि नागपुरात मे महिन्याच्या ४५ अंशांच्या दुपारी ८५ वर. म्हणून विदर्भातल्या घराला मोठी चवड आणि राखीव बळाचा पंखा हवा. पण तेथे उन्हाळ्याच्या रात्री वाळ्याच्या ताट्यांचा कूलर गर्जत असतो. त्याच्या आवाजाखाली संगणकाचा आवाज बुडून जातो. दादरच्या रस्त्यालगतच्या खोलीत मुंबईच ते काम करते. एच. डी. कोटे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा सौम्य असल्यामुळे पंख्यावरचा भार हलका, पण रात्र निःशब्द असल्यामुळे कानाची परीक्षा कडक. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली शयनगृहातील सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल ही मर्यादा सुचविली होती. जेथे बाहेरचा आवाज त्याहूनही खाली उतरतो, तेथे २५ डेसिबलचा पंखाही स्वतःची जाहिरात करीत राहतो. म्हणून मुंबईच्या मित्राने शांत म्हणून वाखाणलेला पंखा कोट्याला शांत ठरेलच, असे समजू नये.

पंखा आणल्यावर त्याची निगा हवी. भारतीय घरात धुळीला फोडणीच्या धुराची आणि उदबत्तीची जोड मिळते. तेलकट झालेली धूळ पत्र्यांना चिकटून बसते आणि हवेची वाट अडविते. मग तेवढ्याच थंडाव्यासाठी पंख्याला अधिक धावावे लागते, आणि घरातले म्हणतात, पंखा जुना झाला. दर तीन-चार महिन्यांनी संगणक बंद करून, वीज काढून, पत्रे झाडावेत. फुंकणीने हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडली तर ती नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंगला इजा पोहोचते. पाण्याने थंड होणारी साधनेही बाजारात आहेत. पण त्यांतही पाणी शेवटी पंख्यानेच थंड करावे लागते आणि पंपाचा आवाज वर पडतो. मध्यम बळाच्या घरगुती संगणकाला त्यांची गरज क्वचितच पडते.

सर्वांत शांत उपाय मात्र पंख्याच्या आधीचा आहे. जी उष्णता निर्माणच झाली नाही, ती वाहून नेण्याचा प्रश्न उरत नाही. विद्यार्थिनीच्या कामाला ६५ वॅटच्या गटातला प्रोसेसर पुरत असेल, तर १२५ वॅटच्या गटातला घेण्यात अर्थ नाही. हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा नव्हे, भरात आल्यावर प्रोसेसर त्यांच्या पुढे जातो, हेही ध्यानी ठेवावे. पुष्कळ मदरबोर्डांवर विजेची मर्यादा खाली बांधून ठेवता येते. तसे केले, तर गती थोडी घटते आणि उष्णता पुष्कळ घटते; कारण शेवटच्या थोड्या गतीसाठी प्रोसेसर भरमसाट वीज खात असतो. पंख्याच्या बाबतीत जो न्याय दिसला तोच येथेही दिसतो. शेवटची पायरी सर्वांत महाग असते.

तेव्हा त्या दोन खोल्यांच्या घरात काय घडावे? नातीने प्रथम जुने पत्रे झाडून पाहावेत आणि लेप नवा करावा. मग वेगाची आखणी सौम्य करावी. तेवढ्याने भागले नाही, तर कॅबिनेट मोजून १२० मिलिमीटरचा, चार तारांचा, द्रव-बेअरिंगचा पंखा आणि त्याच्याजोगी चवड आणावी, आणि त्याला ७००-८०० फेऱ्यांवर फिरत ठेवावे. मोठे गणित पुरे व्हायला दहा मिनिटांऐवजी अकरा लागतील, तर लागू द्यावीत. त्या एका मिनिटाच्या बदल्यात तिचे कान मोकळे राहतील, आजीला झोप लागेल, आणि मध्यरात्री खाटेवरून पाण्यासाठी हाक आली, तर ती पहिल्याच वेळी ऐकू येईल.